ट्रॅक्टरचा दम कागदावर कसा वाचावा?

मार्च महिन्यात वसमतला येणाऱ्याला गाव आधी वासावरून कळते. शेताशेतात हळद शिजवण्याचे कुकर पेटलेले असतात, वाफेचे लोट निघत असतात आणि मोकळ्या जागेवर ताडपत्र्यांवर हळद वाळत पडलेली असते. आमच्या या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावाला आनंद झाला. पण हळद पिकवणाऱ्या घरात एक दुसरा विषय वर्षभर चालू असतो. तो म्हणजे ट्रॅक्टर. उन्हाळ्यात पलटी नांगर, मग रोटाव्हेटर, मग गादीवाफे, काढणी, हळद पॉलिश करायचा ड्रम, शेवटी बाजार समितीपर्यंत ट्रॉली. बैलजोडी कधीच गेली. आता घरातला सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठे कर्ज बहुधा या एकाच लोखंडी जनावरावर असते.

यंदा आमच्या घरातही तोच विषय निघाला. इशाची नमाज झाली, जेवणे उरकली आणि पुतण्याने दस्तरखानावरच चार कंपन्यांची रंगीत माहितीपत्रके पसरली. भाईजान चष्मा लावून किमती पाहू लागले. भाभी मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी माझ्या बांगड्या गेल्या, तेव्हा मला कोणी काही विचारलं नव्हतं. या वेळी आधी मला समजेल असं सांगा, मग सही करा."

त्यांचे म्हणणे खरे होते. बारा वर्षांपूर्वी भाईजाननी "पन्नासचा" ट्रॅक्टर घेतला होता. पन्नास हॉर्सपॉवर हा आकडा ऐकून सगळे खूश. बयाण्यासाठी भाभींच्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या. त्याला जोडायला सात फुटी रोटाव्हेटर घेतला, म्हणजे आपले शेत होईल आणि भाड्याची कामेही मिळतील. कोरड्या, हलक्या रानात ट्रॅक्टर छान चालला. पण पहिल्याच पावसानंतर काळ्या चिकट जमिनीत उतरला आणि रोटाव्हेटर जरा खोल गेला की इंजिन दबायचे, काळा धूर सोडायचे आणि बंद पडायचे. मग गिअर खाली, खोली कमी, वेग कमी. एकराला लागणारे डिझेल वाढले. भाड्याची गिऱ्हाइके एकेक करून दुसरीकडे गेली. चौथ्या वर्षी ट्रॅक्टर तोट्यात विकला आणि हप्ते मात्र पुढे चालूच राहिले.

कितीतरी दिवस आम्ही त्या ट्रॅक्टरला दोष दिला. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि एकदा कागदपत्रांच्या फाइलमध्ये त्याच ट्रॅक्टरचे जुने माहितीपत्रक सापडले. मागच्या पानावर एक छोटा तक्ता छापला होता. दोन-तीन वाकड्या रेषा, खाली आकडे. तो वाचला आणि लक्षात आले की जे चार वर्षांत पैसे घालवून कळले, ते त्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहिलेले होते. ट्रॅक्टर खोटा नव्हता. आम्ही कागद वाचला नव्हता.

म्हणून हा लेख. ज्या घरात ट्रॅक्टर घ्यायचा आहे, ज्या घरातला मुलगा गॅरेजमध्ये शिकतो आहे किंवा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतो आहे आणि ज्या घरातल्या बाईच्या अंगावरचे सोने अशा खरेदीत जाते, त्या सगळ्यांसाठी.

फ्लायव्हीलवरची फळी

इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. कारखान्यातली पोरे नुसते "डायनो" म्हणतात. नाव मोठे असले तरी कल्पना साधी आहे. इंजिन फिरू द्यायचे, त्याला अडवायचे आणि अडवायला किती जोर लागला ते मोजायचे.

आमचे अब्बा विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करायचे. इंजिन बांधून झाले की ते फ्लायव्हीलवर एक जाड लाकडी फळी दाबून धरत आणि कान देऊन आवाज ऐकत. फळी दाबली की इंजिनावर भार येतो. त्या भाराखाली आवाज एकसारखा राहिला तर ते मान हलवत. (हे धोक्याचे काम आहे, कोणी करून पाहू नये.) अब्बांना माहीत नव्हते, पण याच कल्पनेवर पॅरिसमध्ये १८२१ साली गास्पार द प्रोनी या अभियंत्याने पहिला "ब्रेक" बनवला होता. फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळायचे, त्या ठोकळ्यांना लांब दांडा लावायचा आणि दांड्याच्या टोकाला वजने टांगून तोल साधायचा. वजन किती आणि दांडा किती लांब, यावरून चाकाचा जोर कळतो. आजही आपण "ब्रेक हॉर्सपॉवर" म्हणतो, तो ब्रेक हाच. गाडी थांबवायचा नव्हे, मोजायचा. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी लाकडाऐवजी पाण्याने चाक अडवायची युक्ती काढली. आता बहुतेक ठिकाणी पाण्याने किंवा विजेच्या चुंबकाने अडवतात.

एक साधे उदाहरण घ्या. पाच हॉर्सपॉवरचे पाण्याचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरते आहे. त्याच्या चाकाला मध्यापासून १६ सेंटिमीटरवर दोर गुंडाळून अडवले, तर त्या दोरावर सुमारे १५ किलोचा ओढा येईल. ओढा, अंतर आणि फेरे ही तीन मापे मिळाली की इंजिनाची ताकद कागदावर आली.

जोर आणि झपाटा

तक्त्यावर दोन मुख्य रेषा असतात. एक टॉर्कची, दुसरी पॉवरची. या दोन्हींत गल्लत झाली की खरेदी चुकते.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. चाकाचा नट काढताना पाना जितका लांब तितके सोपे जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगले, तर नटावर सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. माहितीपत्रकात टॉर्क याच न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. यात वेग कुठेच येत नाही. नट हलला नाही तरी जोर लागतोच.

पॉवर म्हणजे तो जोर किती झपाट्याने काम करतो. ७५ किलोचे पोते एका सेकंदात एक मीटर वर उचलले, तर ती एक हॉर्सपॉवर. बैलजोडी दिवसभराच्या कामात साधारण एवढ्याच ताकदीच्या आसपास राहते. म्हणजे ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर म्हणजे चाळीसहून जास्त बैलजोड्या एका दांडीला. ऐकायला हे फार मोठे वाटते, पण ही ताकद सगळ्या वेगांना मिळत नाही. गोम इथेच आहे.

दोन्हींचे नाते एका साध्या हिशेबात बसते. टॉर्कला आरपीएमने, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी, गुणा आणि ७०२४ ने भागा. हॉर्सपॉवर मिळेल. किलोवॅट हवे असतील तर ९५४९ ने भागा. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. म्हणून तक्त्यावर दोनपैकी एकच रेषा दिलेली असली, तरी दुसरी आपण घरी काढू शकतो.

तक्ता कसा पाहायचा

तक्ता समोर ठेवा. खालच्या आडव्या रेषेवर इंजिनाचे आरपीएम असतात, डावीकडून उजवीकडे वाढत जाणारे. एका बाजूच्या उभ्या रेषेवर टॉर्क, दुसऱ्या बाजूला पॉवर. चांगल्या तक्त्यात सगळ्यात खाली डिझेलचीही रेषा असते. आधी बोट खालच्या आकड्यावर ठेवा, सरळ वर सरका, रेषा लागली की बाजूचा आकडा वाचा. बस, एवढेच कौशल्य.

आता उजवीकडून सुरुवात करा. ट्रॅक्टरच्या तक्त्यात अगदी उजव्या टोकाला रेषा कड्यासारखी उभी कोसळते. तिथे इंजिन रिकामे फिरते आहे. ट्रॅक्टरमध्ये गव्हर्नर असतो. आपण हाताचा थ्रॉटल एका जागी ठेवला की भार वाढेल तसे गव्हर्नर डिझेल वाढवत जातो आणि फेरे फारसे पडू देत नाही. या कड्याच्या माथ्याला "रेटेड" वेग म्हणतात. तिथे डिझेल पूर्ण सुटलेले असते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलेली हॉर्सपॉवर बहुधा याच बिंदूच्या आसपासची असते.

खरा प्रश्न त्यानंतरचा. शेतात चिकट पट्टा आला, भार आणखी वाढला, गव्हर्नरकडे द्यायला डिझेल उरले नाही. आता फेरे पडणार. फेरे पडले की तक्त्यावर आपण डावीकडे सरकतो. डावीकडे सरकताना टॉर्कची रेषा वर चढत असेल, तर इंजिन जणू म्हणते, "थांबा, माझ्याकडे अजून जोर आहे." फेरे थोडे पडतात, जोर वाढतो, चिकट पट्टा पार होतो आणि इंजिन पुन्हा वेगाला येते. पण रेषा जवळजवळ सपाट असेल तर वाढायला जोरच नाही. मग इंजिन दबते आणि ड्रायव्हरला गिअर टाकावा लागतो, नाही तर ते बंद पडते.

या चढाला "टॉर्क राखीव" म्हणू या. काढायचा हिशेब असा: सर्वाधिक टॉर्कमधून रेटेड वेगाचा टॉर्क वजा करा, उरले ते रेटेड टॉर्कच्या किती टक्के आहे ते पाहा.

आमच्या जुन्या पन्नासच्या ट्रॅक्टरचा हिशेब मी मांडला. २४०० फेऱ्यांना ५० हॉर्सपॉवर, म्हणजे टॉर्क सुमारे १४६. सर्वाधिक टॉर्क १६०, तोही १८०० फेऱ्यांना. राखीव जेमतेम दहा टक्के. १८०० वर आल्यावर ताकद उरते ४१ हॉर्सपॉवर आणि तिथून खाली गेले की टॉर्कही उतरू लागतो. म्हणजे सात फुटी रोटाव्हेटर घेऊन ओल्या काळ्या जमिनीत उतरलेल्या भाईजानच्या हातात "पन्नास" फार थोडा वेळ असायचे.

दोन ट्रॅक्टर, एक तुलना

समजण्यासाठी दोन काल्पनिक ट्रॅक्टर घेऊ. पहिल्याची जाहिरात ४५ हॉर्सपॉवरची, २२०० फेऱ्यांना. टॉर्क येतो १४४. त्याचा सर्वाधिक टॉर्क १६५, तो १५०० फेऱ्यांना. राखीव सुमारे १५ टक्के. दुसऱ्याची जाहिरात ४४ हॉर्सपॉवरची, २००० फेऱ्यांना. टॉर्क सुमारे १५५. सर्वाधिक टॉर्क १९५, तो १२०० फेऱ्यांना. राखीव २६ टक्के.

दुकानात उभे राहिलो तर पहिला एक हॉर्सपॉवरने मोठा. शेतात मात्र दुसरा जास्त वेळ झुंजेल. त्याचे फेरे २००० वरून १२०० पर्यंत पडले तरी जोर वाढतच राहतो. ड्रायव्हरला गिअर कमी वेळा बदलावा लागेल, इंजिन कमी वेळा बंद पडेल.

पण इथेच एक उलटी चूक होते. पुतण्या लगेच म्हणाला, "मग फुप्पी, ज्याचा टॉर्क जास्त तोच घ्यायचा ना?" नाही. इंजिनाचा टॉर्क गिअरबॉक्समध्ये वाढतो. जोरात फिरणाऱ्या इंजिनाला जास्त मोठी गिअर-उतरण देता येते आणि चाकापर्यंत पोहोचेस्तोवर जोर भरून निघतो. म्हणून १६५ आणि १९५ हे आकडे थेट एकमेकांशी भिडवायचे नाहीत. चढ किती टक्के आणि तो किती फेऱ्यांपर्यंत टिकतो, ही तुलना न्याय्य. आणि शेवटी एकराला लागणारा वेळ ठरवते ती पॉवरच. टॉर्कची रेषा फक्त एवढे सांगते की ती पॉवर अडचणीच्या वेळी किती टिकेल.

डिझेलची रेषा

भाभींना सगळ्यात जास्त रस या रेषेत होता आणि ते बरोबरच आहे. किंमत एकदा द्यायची, डिझेल रोजचे.

ही रेषा एक किलोवॅट ताकद एक तास घेण्यासाठी किती ग्रॅम डिझेल जळते ते दाखवते. ती वाटीसारखी असते, दोन्हीकडे वर गेलेली, मध्ये खोल. जिथे सगळ्यात खोल, तिथे इंजिन सगळ्यात काटकसरी.

समजा एकाचा आकडा २४५ ग्रॅम, दुसऱ्याचा २७०. फरक क्षुल्लक वाटतो. पण ३० किलोवॅटचे काम तासभर केले, तर पहिल्याला सुमारे ७.३५ किलो आणि दुसऱ्याला ८.१ किलो डिझेल लागते. लिटरमध्ये सांगायचे तर जवळजवळ ८.९ आणि ९.८. तासाला ०.९ लिटरचा फरक. वर्षाला असे ६०० तास काम झाले तर ५४० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी पन्नास हजारांच्या जवळ जाते. भाभींनी हा आकडा वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कुठे ग्रॅम प्रति किलोवॅट-तास असते, कुठे ग्रॅम प्रति हॉर्सपॉवर-तास. २४५ आणि १८० हे एकच माप दोन भाषांत लिहिलेले असू शकते. दुसरी, हा तक्ता डिझेल पूर्ण सुटलेले असतानाचा आहे. मोठा ट्रॅक्टर हलक्या कामाला लावला तर प्रत्येक किलोवॅटमागे डिझेल जास्त जळते. हे या रेषेत दिसत नाही. म्हणून "घ्यायचाच तर मोठाच घेऊ" हे कायम शहाणपणाचे नसते. हलकी कामे वरच्या गिअरमध्ये आणि कमी थ्रॉटलवर करावीत, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत याच कारणाने बरोबर ठरते.

कागदावर नजर कुठे चुकते

पहिली जागा म्हणजे माप. एक जुनी इंग्रजी हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट आणि मेट्रिक हॉर्सपॉवर, जिला "पीएस" लिहितात, ती ७३५.५ वॅट. ३७ किलोवॅटचे इंजिन एका मापाने ४९.६ होते आणि दुसऱ्या मापाने ५०.३. इंजिन तेच. तुलना करताना सगळ्यांचे किलोवॅट करून घ्यावेत. हा ३७ किलोवॅटचा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. सुमारे ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे जास्त कडक नियम लागू झाले. त्यासाठी इंजिनात महागडी इंधन-यंत्रणा लागते. बाजारात पन्नासच्या किंचित खालचे इतके ट्रॅक्टर का दिसतात, याचे एक कारण हे आहे.

दुसरी जागा म्हणजे ताकद कुठे मोजली. इंजिनाच्या दांड्यावर मोजलेली ताकद वेगळी, मागच्या पीटीओ शाफ्टवर मोजलेली वेगळी आणि नांगर ओढताना मिळणारी आणखी वेगळी. वाटेत गिअर, तेल, घर्षण आपापला वाटा घेतात. इंजिनापासून पीटीओपर्यंत येताना साधारण दहा ते पंधरा टक्के जातात. रोटाव्हेटर, मळणीयंत्र किंवा हळदीचा ड्रम चालवायचा असेल तर आपल्याला पीटीओचा आकडा हवा. पीटीओचे ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळतात, तेही विचारावे. तक्त्यावर त्या आकड्याच्या वर बोट ठेवले की तिथे खरी ताकद किती ते कळते.

तिसरी जागा म्हणजे उभी रेषा शून्यापासून सुरू होते की नाही. ती १२० पासून सुरू केली तर छोटासा चढ डोंगरासारखा दिसतो. डोळ्याने चढ पाहू नका, आकडे वाचून टक्के काढा.

चौथी जागा म्हणजे हवा. गरम हवा विरळ असते आणि तापलेले डिझेलही विरळ होते. त्यामुळे कडक उन्हात इंजिनाची ताकद घटते. आपली नांगरट एप्रिल-मे महिन्यांत होते, जेव्हा मराठवाड्यात पारा ४२-४३ वर असतो. तक्ता कुठल्या तापमानाचा आहे, हा प्रश्न म्हणूनच आपल्यासाठी पुस्तकी नाही.

एका शेतकऱ्याच्या रागातून

हे सगळे कंपनीनेच सांगायचे आणि आपण मानायचे का? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या विल्मॉट क्रोझिअर या शेतकऱ्याला पडला. त्याने घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे काम देईना. पुढे तो विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ मध्ये तिथे कायदा झाला की राज्यात विकायच्या ट्रॅक्टरची आधी विद्यापीठात चाचणी झाली पाहिजे. १९२० पासून लिंकन शहरात चाचण्या सुरू झाल्या आणि जाहिरातीतले फुगवलेले आकडे हळूहळू जमिनीवर आले. त्याच्यासारखी अवस्था झालेली घरे आपल्याकडेही आहेत.

आपल्याकडेही सोय आहे, फक्त ती फारशी माहीत नसते. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांचे प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था आहे. तिथे भारतीय मानक ५९९४ नुसार ट्रॅक्टर तपासले जातात. पीटीओला डायनॅमोमीटर लावून सर्वाधिक ताकद, सर्वाधिक टॉर्क, ५४० फेऱ्यांची ताकद आणि डिझेलचा खर्च मोजतात. आणि मोजमाप नेहमीच्या हवेत एकदा आणि सुमारे ४३ अंश उष्णतेत पुन्हा करतात. म्हणजे आपल्या मे महिन्याचा आकडा त्या अहवालात असतो! आपल्या राज्यात पुण्याला १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. वेताळ टेकडीवरच्या तिच्या प्रयोगशाळांत वाहनांची आणि इंजिनांची चाचणी होते. ज्या मुलामुलींना इंजिनाची आवड आहे, त्यांनी "गॅरेज" या एकाच शब्दावर थांबू नये. पाना हातात घेणाऱ्यांची आपल्या मोहल्ल्यात कमी नाही. तोच पाना धरलेल्या हाताला तक्ता वाचता आला, तर त्याच मुलाला चाचणी-प्रयोगशाळेचे दारही उघडते.

भाभींचे पाच प्रश्न

त्या रात्री आम्ही वहीच्या एका पानावर पाच प्रश्न लिहिले. पीटीओवर किती किलोवॅट? रेटेड वेगाचा टॉर्क किती आणि सर्वाधिक किती, कोणत्या फेऱ्यांना? पीटीओचे ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांना? पूर्ण भारावर डिझेल किती ग्रॅम? आणि सरकारी चाचणी-अहवालात उष्ण हवेतला आकडा काय?

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन पुतण्या आणि भाभी दोघेही दुकानांत गेले. पहिल्या दुकानात विक्रेत्याने प्रश्न ऐकले आणि तो बंपर, सीट आणि मोफत छत्री दाखवू लागला. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, "ताई, हे आजवर कोणी विचारलं नाही, पण मी मागवून देतो." चार दिवसांनी त्याने चाचणी-अहवाल मोबाइलवर पाठवला.

आम्ही तो तिघांनी बसून वाचला. ज्या ट्रॅक्टरवर पुतण्याचे मन बसले होते, त्याचा टॉर्क-चढ बारा टक्के निघाला. दुसऱ्या एकाचा, दोन हॉर्सपॉवरने लहान, पंचवीसच्या वर. उन्हातही त्याची ताकद फारशी पडत नव्हती. किंमतही कमी होती. पुतण्या थोडा हिरमुसला, कारण त्याला मोठा हवा होता. मग त्याने स्वतःच कॅल्क्युलेटर काढून पुन्हा हिशेब केला आणि म्हणाला, "रोटाव्हेटर पण सातचा नको, पाच फुटीच घेऊ."

भाईजान इतका वेळ गप्प होते. त्यांनी जुन्या फाइलमधले ते बारा वर्षांपूर्वीचे माहितीपत्रक मागून घेतले, मागच्या पानावरच्या तक्त्यावर बोट ठेवले, १८०० पासून वर सरकवत नेले आणि आकडा वाचला. मग एवढेच म्हणाले, "तेव्हा हे कोणी दाखवलं असतं तर."

तेव्हा कोणी दाखवले नाही. आपण आपल्या पोरांना दाखवू शकतो. कुठल्याही जवळच्या दुकानातून एक माहितीपत्रक आणा, मागचे पान उघडा, मुलांना जवळ बसवा आणि टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ७०२४ ने भागायला सांगा. उत्तर पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्याशी जुळते का ते पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे. इन्शाअल्लाह, पुढच्या खरेदीत घरातल्या कोणाच्या बांगड्या वाया जाणार नाहीत.